शनिवारची गाडी

अरविंद,

परवा दुपारी तुझी गाडी पूर्ण उघडून झाली. जोडायला आपल्याला नऊ वर्षं लागली, उघडायला मला एकट्याला चार दिवस पुरले.

वहिनींनी भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं. तो गॅसकटर टेंपोत घालूनच आला. अर्ध्या तासात तुकडे करून जागा मोकळी करतो म्हणाला. मी त्याला फाटकातच थांबवलं. म्हटलं, चार दिवस दे, मी पान्याने उघडून देतो. त्याला माझं डोकं फिरलंय असं वाटलं असणार. शेवटी लोखंड ते लोखंडच, कापलं काय आणि उघडलं काय. पण तू एकेक करून जोडलेलं कुणी आगीने कापतंय हे मला बघवलं नसतं. आणि मला त्या गाडीत काहीतरी शोधायचंही होतं. ते पुढे लिहितो, लगेच लिहायचा धीर नाही.

तुझ्या शोकसभेत चौघे बोलले. सगळ्यांनी तुझ्या दुकानाबद्दल सांगितलं. चुकीची गोळी कधी दिली नाही, पुडीवर डोस लिहायचास तो म्हाताऱ्यांनाही चष्म्याशिवाय वाचता यायचा, वगैरे. खरं होतं सगळं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणालो. घसा बरा होता. मागच्या रांगेत बसून मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

माझी तुझी ओळखही त्या दुकानातलीच. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मी बिबवेवाडीच्या तुझ्या मेडिकलमध्ये यायचो. काउंटरच्या काचेखाली औषध कंपन्यांच्या जाहिरातींमध्ये एक वहीचा कागद होता आणि त्यावर पेन्सिलने काढलेली उघडी, दोन माणसांची गाडी. लांब नाक, मागे बसकी. मी चौतीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, ड्रॉइंग दिसलं की वाकून बघणारच.

"ही कुठली गाडी?" मी विचारलं.

"माझी," तू म्हणालास.

"कुठे असते?"

"अजून झाली नाही."

एवढं बोलून तू माझ्या गोळ्या मोजायला लागलास. पुढच्या महिन्यात मी गोळ्या संपायच्या आधीच आलो.

तुझ्या घरी गाडीचं सामान आलं तो दिवस मला आठवतो. दक्षिणेकडच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून तीन लाकडी खोकी आली होती. त्यांत जोडून तयार असलेला पाइपांचा सांगाडा, फायबरची कच्ची, न रंगवलेली बॉडी, पिशव्यांमध्ये नंबर घातलेले नटबोल्ट आणि एक पातळ पुस्तिका. बाकी सगळं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, चाकं, आपण जुन्या गाडीतून काढून बसवायचं होतं. कर्वेनगरच्या तुझ्या बंगलीचं गॅरेज इतकं अरुंद की सांगाडा आत ठेवल्यावर एका बाजूने आपल्याला आडवं होऊन जावं लागायचं. तू दुकानातून औषधांच्या रिकाम्या काचेच्या बरण्या आणल्यास, सगळे नटबोल्ट त्यांत मापाप्रमाणे लावलेस आणि प्रत्येक बरणीवर तुझ्या त्या बारीक, सरळ अक्षरात चिठ्ठी डकवलीस. मी कारखान्यात इतकी टापटीप पाहिली नव्हती. पहिल्याच शनिवारी मला कळलं, की हा माणूस गाडी पूर्ण करणार.

तेव्हापासून शनिवार आपला. दुकानात तुझा पुतण्या बसायचा. मी सकाळी स्कूटर काढायचो, स्वारगेटवरून, दांडेकर पुलावरून, राजाराम पूल ओलांडला की माझा मूड बदलायचा. घरी शैला म्हणायची, कारखान्यात कधी इतक्या वेळेवर गेला नाहीत.

भांडायचो किती आपण. तुला पुस्तिका पाठ होती, मला लोखंड पाठ होतं. पुस्तिकेत असं दिलंय, तू म्हणायचास, आणि मी म्हणायचो लोखंडाला वाचता येत नाही. मागच्या चाकांच्या ब्रॅकेटवरून आपण तीन शनिवार एकमेकांशी नीट बोललो नव्हतो. चौथ्या शनिवारी कळलं की पुस्तिकेतलं चित्र उलटं छापलं होतं आणि आपण दोघंही चूक होतो. त्या दिवशी वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. तू पान वाढून होईपर्यंत हसत होतास.

शेजारचे ते निवृत्त गृहस्थ कुंपणापाशी यायचे, आठवतंय? हा आवाज किती दिवस चालणार असं त्यांनी विचारलं. तू म्हणालास, गाडी होईपर्यंत. गाडी कधी होणार? आवाज थांबला की. ते त्यानंतर आले नाहीत. शोकसभेला मात्र आले होते, आणि मला म्हणाले, आता फार शांत वाटतं हो. 

सगळे सांगायचे की ही गाडी कधी रस्त्यावर येणार नाही. घरी बांधलेल्या गाडीला पासिंग मिळत नाही, नंबर मिळत नाही. तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पौडच्या पुढे वहिनींच्या भावाचं शेत आहे, आत घरापर्यंत दीडएक किलोमीटरचा खाजगी रस्ता आहे. गाडी टेंपोत घालून तिथे न्यायची आणि त्या रस्त्यावर चालवायची, एवढंच तुझं मागणं होतं. दीड किलोमीटर जायचं, वळवायचं, परत यायचं. तू चालवणार, मी शेजारी बसणार. मी म्हणायचो, परत येताना मी चालवीन. तू म्हणायचास, बघू. त्या 'बघू'वर आपण किती वर्षं काढली.

मग तुझा डावा हात.

तुला डॉक्टरच्या आधी कळलं होतं. तीस-पस्तीस वर्षं तू त्या गोळ्या काउंटरवरून लोकांना दिल्या होत्यास, त्या माणसांची चाल, त्यांचे हात पाहिले होतेस. आपण गाडीखाली पाठीवर झोपलो होतो, तू एक्झॉस्टचा पाइप धरला होतास आणि मी क्लॅम्प बसवत होतो. तू वर बघतच म्हणालास, "दिगंबर, माझ्या दुकानातल्या तिसऱ्या फळीवरच्या गोळ्या मला लिहून दिल्यात." मला तिसऱ्या फळीवर काय असतं ते माहीत नव्हतं. मग तू शांतपणे सांगितलंस, कंपवात. पुढे म्हणालास, क्लॅम्प सरळ बसव.

मी क्लॅम्प सरळ बसवला. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं हे मला आज कळतं, आणि काय बोलायला हवं होतं ते आजही कळत नाही.

गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं. ते तू वहिनींपासून लपवलं नाहीस, माझ्यापासूनही नाही, पण पौडच्या रस्त्यावर कोण चालवणार हा विषय तेव्हापासून बंद झाला. काम मात्र चालू राहिलं. तुझं म्हणणं होतं, हात रिकामा असला की थरथरतो, काही धरलं की थांबतो. मला वाटायचं तू मनाची समजूत घालतोयस. एकदा मी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, अहो खरंच तसं आहे, डॉक्टरही तेच म्हणाले, या आजारात असंच दिसतं. मी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही.

हात हळू मात्र झाले होते तुझे. जो नट पाच मिनिटांत व्हायचा त्याला अर्धा तास लागायचा. पाना निसटून पडू नये म्हणून तू बुटाची नाडी घेऊन तो मनगटाला बांधायचास. कोपर पाइपावर टेकवायचास, श्वास सोडायचास आणि मग आवळायचास. माझ्यासमोर तू कधी वैतागला नाहीस. मी पुढे होऊन पाना घ्यायला गेलो की म्हणायचास, तुझं काम तिकडे आहे. एका शनिवारी वहिनी मटार सोलायला म्हणून उघड्या बॉडीत येऊन बसल्या, मांडीवर ताट घेऊन, आणि तुझ्याकडे बघत राहिल्या. तू त्यांना विचारलंस, कुठे सोडू तुम्हाला? त्या म्हणाल्या, घरीच सोडा. मग दोघंही आपापल्या कामाला लागलात. मी ते बघत होतो. इतकं चांगलं मी माझ्या घरीही कधी पाहिलं नाही, आणि ते मला फुकट बघायला मिळालं.

आता मी जे केलं ते लिहितो.

तू स्टिअरिंगचा दांडा बसवलास त्याच्या पुढच्या शनिवारी, तू जेवून पडला होतास. त्या गोळ्यांनी तुला दुपारी गुंगी यायची, तासभर झोपायचास. मी सहज हात लावला तर सांध्याचा नट बोटाने फिरला. स्टिअरिंगचा. पौडचा रस्ता, तू, मी, आणि तो नट, असं सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी तो आवळला. तू उठून आलास तेव्हा मी सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

नंतर आठवलं की त्याच नटाच्या वेळी मी तुला मधेच हाक मारली होती, रेडिएटरपाशी बॅटरीचा उजेड धरायला. तू ते काम अर्धवट सोडून आला होतास. परत जाऊन तू तो पुरा केलास की नाही ते मला माहीत नाही. मी तुला परत जाताना पाहिलं नाही. त्यामुळे तो एक नट तुझ्या हातामुळे सैल राहिला की माझ्या हाकेमुळे, हे आता कधीच ठरणार नाही.

पण भीती बसली. त्यानंतर सहा महिने, दर शनिवारी तू झोपलास की मी तू केलेला प्रत्येक नट सोडवायचो आणि माझ्या टॉर्क पान्याने परत आवळायचो. तो पाना ठरवलेल्या जोराला 'टक' करतो, तेवढाच माझा विश्वास त्याच्यावर. सोडवताना हाताला लगेच कळतं, मागच्या माणसाने किती आवळला होता. अरविंद, सगळे बरोबर होते. पहिल्या महिन्यातच मला ते कळलं. तरी मी थांबलो नाही. कारखान्यात शेवटची वीस वर्षं मी तपासणी खात्यात होतो. दुसऱ्याचं काम तपासल्याशिवाय पुढे जाऊ देणं मला जमायचंच नाही. काळजी म्हणून सुरू झालं होतं, नंतर नुसती खोड झाली.

घट्ट केलेल्या नटावर रेघ मारायची पद्धत मीच तुला शिकवली होती. नटापासून ब्रॅकेटपर्यंत एक सरळ रेघ, पुढे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. तू दुकानातला व्हाइटनर वापरायचास. मी नट फिरवला की तुझी रेघ तुटायची, मग मी ती थिनरने पुसून नवीन मारायचो. मला वाटलं, रेघ ती रेघ.

मग एका शनिवारी तू झोपेतून लवकर उठलास. मी पुढच्या बाजूला काही घासत होतो. तू मागे जाऊन खाली बसलास आणि बराच वेळ आवाज नाही म्हणून मी वळून बघितलं. तू चष्मा वर करून नटाच्या अगदी जवळ गेला होतास.

"दिगंबर, ही रेघ माझी नाही."

मी काहीतरी बोललो. असेल, पुसली गेली असेल, मी परत मारली असेल. तू दुसरा नट बघितलास, तिसरा बघितलास. सगळ्या माझ्या जाड, फाटक्या रेघा. आयुष्यभर पुड्यांवर लिहिणाऱ्या माणसाला आपला हात ओळखू येणार नाही असं मी कसं समजलो.

"कधीपासून?" तू विचारलंस.

"सहा महिने."

तू उठून स्टुलावर बसलास. आवाज चढवला नाहीस. म्हणालास, "म्हणजे सहा महिने मी इथे खेळत होतो, आणि मी झोपलो की तू गाडी बांधत होतास."

तेव्हा मी माफी मागायला हवी होती. स्टिअरिंगच्या नटाचं सांगायला हवं होतं, घाबरलो म्हणायला हवं होतं. पण तू पुढे बोललास. तुझी ती कोरडी पद्धत. म्हणालास, तुझा दोष नाही, जन्मभर तू दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारलेस, स्वतः काही बांधलं असतंस तर समजलं असतं. ते मला लागलं. लागलं कारण तसंच होतं. नऊ वर्षांत ही गाडी मला मी बांधलेली पहिली वस्तू वाटत होती, आणि तू एका वाक्यात ती माझ्याकडून काढून घेतलीस.

मी म्हटलं, "तू आवळलेला एकेक नट सैल होता. एकेक. मी होतो म्हणून गाडी उभी आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. मांडीवर पडलेला डावा हात थरथरायला लागला होता, त्याच्यावर तू उजवा ठेवलास. "बरं," म्हणालास. मग, "चहा झालाय आत. घेऊन जा."

मी चहा न घेता निघालो. माझं सामान पिशवीत भरलं, टॉर्क पानाही भरला, आणि बाजूच्या फाटकाने बाहेर पडलो. वहिनी आतून विचारत होत्या, निघालात का भावजी. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नंतरचे चार महिने मी शैलालाही सांगितलं नाही. शनिवारी नेहमीसारखा पिशवी घेऊन निघायचो आणि तळजाईच्या टेकडीवर जाऊन बसायचो. तिथे तीन-चार फेऱ्या मारून झाल्या की दुपार व्हायची. दर वेळी ठरवायचो, पुढच्या शनिवारी राजाराम पूल. तुझा फोन आला तेव्हा मी मार्केटयार्डात होतो, हातात मेथीच्या जुड्या. तुझं नाव दिसत होतं. मी ते थांबेपर्यंत बघत राहिलो. म्हटलं घरी जाऊन निवांत करू. घरी गेल्यावर म्हटलं उद्या. तू परत केला नाहीस, तुझा तो स्वभाव नव्हता. आणि मी केला नाही, कारण जितके दिवस जात होते तितकं पहिलं वाक्य अवघड होत होतं.

तू गेल्याचं मला दुकानाच्या शटरवरच्या कागदावरून कळलं. शनिवार होता, काउंटरवर पुतण्या असणार म्हणून मी खोकल्याचं औषध घ्यायला आलो होतो. आठ दिवस तू दवाखान्यात होतास, छातीत कफ भरला होता, आणि मला कुणी कळवलं नाही. का कळवावं? मी तिथून तसाच वैकुंठ स्मशानभूमीत गेलो. पोचलो तेव्हा लोक हात धुऊन परत निघाले होते. तुझ्या पुतण्याने मला मिठी मारली. म्हणाला, काका, तुमचे गुडघे कसे आहेत आता?

मला कळेना. तेराव्याला वहिनींनी उलगडा केला. तू त्यांना सांगितलं होतंस की दिगंबरचे गुडघे फार दुखतात, त्याला स्कूटर चालवायला डॉक्टरांनी बंदी केलीये, म्हणून येत नाही; दवाखान्यातही, त्याला कळवून धावपळ करायला लावू नका म्हणाला होतास. सगळ्यांना तेच सांगितलं होतंस. पाहुण्यांसमोर वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, त्यांचे हात गेले तरी तुम्ही त्यांची साथ सोडली नाहीत. आम्ही हे विसरणार नाही." सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. मी हात जोडले. अरविंद, मी हात जोडले आणि ते घेतलं.

तुमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं चाललंच होतं. गाडी झाल्याशिवाय सही करणार नाही म्हणून तू अडून बसला होतास. वहिनींनी सही केली. त्यांना लेकीकडे, मानसीकडे बंगळुरूला जायचं होतं, एकट्याने त्या घरात राहवत नव्हतं. गाडी कुणाला तरी द्यावी म्हणून त्यांनी आणि मानसीने खूप विचारलं. जवळच्या कॉलेजातले एक सर येऊन बघून गेले, पण कागदपत्र नसलेली गाडी त्यांनाही नको होती. माझ्याकडे दोन खोल्या आणि जिन्याखाली स्कूटरपुरती जागा. मग भंगारवाला.

चार दिवस मी त्या गॅरेजमध्ये एकटा होतो. मागून सुरुवात केली. मी काय शोधत होतो ते आता सांगतो. मी एक सैल नट शोधत होतो. मी गेल्यावर चार महिने तू एकट्याने काम केलंस हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. पुढची चाकं, त्यांचे आर्म, स्प्रिंगा, सगळं बसलेलं होतं. मी सोडून गेलो तेव्हा ते खोक्यात होतं. ते तू, त्या हातांनी, माझ्या टॉर्क पान्याशिवाय केलंस. तिथे माझा हात लागला नव्हता. तिथे एक जरी नट सैल निघाला असता तर माझं ते वाक्य थोडं तरी खरं ठरलं असतं. मला तेवढंच हवं होतं. एवढा मी खाली आलो होतो.

तिसऱ्या दिवशी पुढची बाजू उघडायला घेतली. पहिला नट सुटेना. मी अंग टाकलं, तेव्हा किंचाळून सुटला. दुसरा तसाच. तिसऱ्याला मी पान्याला पाइप लावून जोर दिला. वॉशर ब्रॅकेटच्या लोखंडात रुतले होते. बोल्ट बाहेर काढले तर आटे ताणले गेलेले, मधे बारीक झालेले. मी आयुष्यभर असे बोल्ट टेबलावर घेऊन रिपोर्ट लिहिले आहेत. प्रमाणाबाहेर आवळलेला बोल्ट. आपल्या हातावर भरवसा न उरलेला माणूस असं आवळतो. एका ठिकाणी तर बोल्ट मुळाशीच पिळवटून तुटला होता आणि आत राहिलेला तुकडा तू ड्रिलने काढून नवीन घातला होतास. ते काम धडधाकट माणसाला अर्धा दिवस घेतं. तुला किती दिवस लागले असतील, अरविंद?

आधीच्या सहा महिन्यांत तू आवळलेला एकही नट असा नव्हता. ते नेमके होते. हे सगळे त्या शनिवारनंतरचे. तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास.

मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्या हातातला तो ताणलेला बोल्ट बघून म्हणाल्या, याच्यासाठी फार कष्ट केले हो त्यांनी. पान्याला लांब पाइप लावून त्याच्यावर पूर्ण भार देऊन उभे राहायचे. मी म्हटलं, पडाल एखाद्या दिवशी, कशाला इतकं आवळायचं? तर म्हणाले, दिगंबर म्हणतो माझे सैल राहतात. एक तुटला त्या दिवशी तुम्हाला फोनही लावला होता, विचारायला. तुम्ही कामात असाल म्हणाले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. गुडघ्यांचं, तळजाईचं, रेघांचं, फोनचं, आणि त्या वाक्याचं. त्या ट्रे हातात धरून उभ्या होत्या. मला वाटत होतं त्या रडतील किंवा मला चालते व्हा म्हणतील. मला तेच हवं होतं.

त्यांनी ट्रे बरण्यांच्या फळीवर ठेवला.

"हे मला का सांगताय, भावजी?" त्या म्हणाल्या. "हे त्यांना सांगायचं होतंत."

आणि आत गेल्या. आतून भांडी कागदात गुंडाळल्याचा आवाज येत राहिला. चहाच्या कपावर साय धरेपर्यंत मी तिथे होतो. मग उरलेलं काम केलं. परवा भंगारवाला आला, त्याने सांगाडा, चाकं, इंजिन टेंपोत चढवलं. बॉडी वर दोरीने बांधली. राजाराम पुलापर्यंत मी त्याच्या मागे स्कूटर चालवत गेलो, पुढे गर्दीत तो दिसेनासा झाला.

वहिनी काल गेल्या. स्टेशनवर मी गेलो नाही, त्यांनी बोलावलंही नव्हतं.

शैलाला मी आज सकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, आता शनिवारी कुठे जाणार?

वहिनींचं बरोबर आहे. तुला सांगायचं होतं. चार महिने माझ्याकडे वेळ होता, तू वीस मिनिटांवर होतास, आणि माझ्या हातात वाजणारा फोन होता. आता कागद आहे. कागदावर सांगितलेलं तुला पोचत नाही, हे समजण्याइतका मी शहाणा आहे. तरी सांगतो.

तुझे नट घट्ट होते, अरविंद. सहा महिन्यांत एक सैल निघाला, तोही बहुधा माझ्या हाकेमुळे. बाकी सगळे तू आवळलेस तसेच बरोबर होते. तुझ्या हातांना काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो.

दिगंबर